शिडी घेऊन जाय

सणाला आमच्या घरी तांदूळ असले, तरी ते शिजवायला गंज-पातेलं उरलं असेल याचा नेम नसे. बा मोहाची दारू प्यायचा आणि भांडी विकायचा. लाखांदूरकडच्या आमच्या गावात त्याचे वडील पिऊन मेले, दोघे भाऊ पिऊन मेले. आता याची पाळी, असं लोक उघड बोलत.

एका संध्याकाळी त्याने मायला लोटा फेकून मारला. पुढे काही दिवसांनी तो तिला हाका मारत होता आणि ती चुलीशी तशीच बसून.

"आयकू नाई येत का व?"

"त्या कानानं नाई येत, बा," मी म्हटलं. "तू लोटा मारला तवापासून."

बाला लोटा आठवतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो शेतातल्या मचाणावर चढला. धान भरलं होतं, रानडुकरं राखायची होती, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. वरून तो मायला म्हणाला, "शिडी घेऊन जाय. मी रडीन, शिव्या देईन. आणू नोको."

दारू सोडवायला दवाखाना असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

त्याचं अंग थरथरू लागलं. "मुंग्या चालून राहिल्या अंगावर! शिडी आण व रांडे!"

माय खाली धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलेली. "बोंबला. या कानानं मले आयकू येत नाई. तुमचीच मेहरबानी."

दोरीने पेज वर जाई, बरीचशी सांडे. तो मरणार असं तिलाही वाटत होतं, हे तिने मला खूप नंतर सांगितलं. शिडी तिने दिली नाही.

कापणीला तो उतरला तेव्हा निम्मा झाला होता.

"बरं झालं, सोडली," असं कुणी म्हटलं की तो चिडे. "सोडली नाई बापा. ती तिथंच बसून आहे. मी जात नाई."

मोह फुलून गावभर वास सुटला की तो तुमसरला जाई, राईस मिलमध्ये पोती उचली. कोंड्याच्या धुळीने नाक बुजे, तेच त्याला हवं असे.

"साधू झाला का बे?" पारावरचे डिवचत.

"साधूले कायचं भेव? भेव मले आहे."

त्या धुळीनेच छाती गेली. शेवटी श्वास पुरेना, तेव्हा शेजाऱ्याने वाटी आणली. "घोटभर घे गा, झोप लागन."

बाने वाटीकडे खूप वेळ पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

माझं बी.ए. त्याने पाहिलं आणि वर्षभरात तो गेला. आमच्या घराण्यात दारू न पिता मेलेला तो पहिला पुरुष.