बदली माणूस

डॉक्टरसाहेबांची नजर आधी गजाननवर गेली. तिथं थांबली नाही. मेघाताईंवरून सरकली, दिनकररावांवरून सरकली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"तू घे रे पुसून."

सोमवारची ओपीडी होती. हॉल भरलेला. फुलंब्रीकडच्या एका म्हाताऱ्याचं मनगट मोडलं होतं. उपाशीपोटी दुखण्याची गोळी घेऊन तो एसटीनं आला होता. बसल्या जागी त्याला कळ आली आणि तो खुर्च्यांच्या मधोमध ओकला. सफाईच्या कांताबाई त्या दिवशी सुट्टीवर होत्या.

गजानन वॉर्डबॉय. स्ट्रेचर ओढणं, पेशंटला धरून एक्स-रेला नेणं ही त्याची कामं. तो भिंतीला टेकून उभा होता. हात रिकामे. मेघाताई रिसेप्शनला. दिनकरराव कंपाउंडर. आणि मी त्या दवाखान्याचा मॅनेजर. माझ्या हातात एका बाईंच्या मेडिक्लेमची फाईल होती. मी त्यांना समजावून सांगत होतो आणि त्या मला दर वाक्याला साहेब म्हणत होत्या.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी डॉक्टरसाहेबांकडं बघितलं. ते कॅबिनच्या दारात उभे होते. चिडलेले नव्हते. चिडून कुणी काही बोललं असतं तर मी चिडण्याला दोष दिला असता. ते अगदी सहज बोलले होते. पाण्याचा ग्लास मागावा तसं. आणि आत गेले.

मी बादली आणली. फिनेल कुठं असतं ते मला शोधावं लागलं. गळ्यात टाय होता. पुण्याच्या एका हॉस्पिटलात मॅनेजरनं टाय लावलेला बघून आल्यापासून साहेबांनी तो मला सक्तीचा केला होता. वाकल्यावर टाय लोंबायला लागला, म्हणून मी तो शर्टाच्या खिशात खोचला. गुडघ्यावर बसलो. पुसलं. लोकांनी पाय वर घेतले. म्हातारा एकटाच बोलला, "राहू द्या ओ दादा, माझं मी करतो." एक हात गळ्यात अडकवलेला माणूस.

उठलो तेव्हा मेडिक्लेमच्या बाई मेघाताईंच्या टेबलाशी गेल्या होत्या. अर्धवट राहिलेलं तिथं विचारत होत्या. मेघाताई म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार. हेच सांगतील."

"हे?" बाई म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या बादलीकडं बघून, "बरं."

पुढं त्या मला साहेब म्हणाल्या नाहीत.

मी गंगापूर तालुक्यातला. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. आमच्या घरात आणि आमच्या वस्तीतही कॉलेजचा दाखला आणलेला पहिला मुलगा मी. बी. कॉम. केलं, वसतिगृहात राहून. मग हॉस्पिटल व्यवस्थापनाचा डिप्लोमा केला. शहरात, गारखेड्यातल्या या हाडांच्या दवाखान्यात जागा आहे असं कळलं तेव्हा अर्ज घेऊन गेलो. अर्जाला मार्कशीट जोडली, डिप्लोमा जोडला आणि शेवटी जातीचा दाखला जोडला.

खाजगी दवाखाना. तिथं राखीव जागा नाही, शिष्यवृत्ती नाही, कुणी मागितलाही नव्हता. पण शाळेपासून जिथं म्हणून अर्ज केला तिथं तो कागद लागला. अर्ज म्हटला की तो जोडायचा, एवढंच आम्हाला माहीत. वर्गात माझ्याबरोबर शिकणाऱ्या आमच्यातल्या सगळ्यांनी असेच अर्ज केले असतील. ज्यांना बोलावणं आलं नाही ते अजून विचार करत असतील, मार्क कमी पडले का म्हणून.

साहेबांनी कागद उलटले. शेवटच्या कागदावर थांबले. मग हसून म्हणाले, "मी जात बघत नाही."

मी विचारलं नव्हतं. पण मला भरून आलं. मी त्यांच्या पाया पडलो. गावी गेलो तेव्हा वडिलांनी बसल्या जागेवरून शहराच्या दिशेनं हात जोडले. "देवमाणूस हाय," म्हणाले.

कामात मी मागं हटलो नाही. इन्शुरन्स कंपन्यांशी बोलणी मी केली. तोपर्यंत कॅशलेस म्हटलं की पेशंट दुसरीकडं जायचे, ते इथं यायला लागले. जैविक कचऱ्याची गाडी, फायरचं प्रमाणपत्र, नर्सच्या पाळ्या, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या वेळा, प्लेटा आणि स्क्रूचा साठा, सगळं माझ्याकडं. साहेब हाडं जोडायचे, बाकी दवाखाना मी चालवायचो. कुणी कौतुक केलं की ते म्हणायचे, "घरचाच आहे तो." दवाखाना खाली आणि त्यांचं घर वर. मी त्या जिन्यानं कधी वर गेलो नाही. कुणी अडवलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं.

कांताबाईंच्या सुट्टीची त्या दवाखान्यात एक रीत होती. बहुतेक दवाखान्यांत असते. नर्सला सुट्टी हवी तर ती अर्ज देते. कंपाउंडर फोन करतो. सफाईच्या बाईला सुट्टी हवी तर तिनं स्वतःची बदली आणून उभी करायची. जाऊ, नणंद, शेजारीण, कुणीही. बदली नाही तर सुट्टी नाही. ताप असला तरी नाही. त्या सोमवारी कांताबाईंची बदली ऐन वेळी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कांताबाई आल्या. हॉलमध्ये उभ्या राहिल्या, नाक वर करून वास घेतला.

"काल कुणी पुसलं वो? येवढं फिनेल! भूल द्यायचं विंजक्शन वाचलं म्हणायचं डाक्टरचं."

दिनकरराव हसले. गजानन हसला. मेघाताईंनी मान खाली घातली. कांताबाईंनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना कळलं. त्या मुकुंदवाडीत माझ्याच गल्लीत राहायच्या. विहारात आम्ही एकाच सतरंजीवर बसायचो.

"तुमी?" त्या हळूच म्हणाल्या. फरशी पुन्हा पुसून घेतली.

पुढच्या वेळी कांताबाई सुट्टी मागायला गेल्या तर साहेब म्हणाले, "बदलीचं टेन्शन घेऊ नका. हा आहे की."

अशी रीत पडली. कुणी ठरवली नाही. कांताबाई नसल्या की हॉलमध्ये काही सांडलं, बाथरूम तुंबलं, तर लोक माझ्या टेबलाकडं बघायचे. आधी बघायचे, मग मेघाताईही हाक मारायला लागल्या. "सर, जरा इकडं." सर म्हणायच्या आणि बादली दाखवायच्या. मी करायचो. हात साबणानं धुवायचो, टाय नीट करायचो आणि मुंबईच्या इन्शुरन्स कंपनीला फोन लावून इंग्रजीत भांडायचो.

घरी जायला शेअर रिक्षा होती. मी चालत जायला लागलो. गारखेड्यातून मुकुंदवाडी. बसून राहवायचं नाही. चालताना मी साहेबांशी बोलायचो. रोज नवं वाक्य जुळवायचो. दवाखान्यात पोचलो की ते वाक्य मावळायचं आणि वडिलांचे जोडलेले हात दिसायचे. यांनी ठेवलं नसतं तर मी कुठं असतो? एवढा एक प्रश्न, आणि माझं तोंड बंद.

मग मेघाताईंच्या नवऱ्याची नाशिकला बदली झाली. काउंटरची जागा रिकामी झाली. कांताबाई माझ्या खोलीवर आल्या.

"सायेब, आमची सुजाता बी. कॉम. झाली. टॅली शिकली. लई हुशार हाय. तुमी येक शबुद टाका."

मी टाकला. मनापासून टाकला. माझ्या पाठोपाठ कुणीतरी येतंय, याचा मला आनंद होता.

सुजाता आली. नीट इस्त्री केलेला ड्रेस, हातात फाईल. कांताबाई तिच्या मागं दाराशी उभ्या. साहेबांनी बस म्हटलं नाही. मी खुर्ची ओढून दिली. त्यांनी चार प्रश्न इंग्रजीत विचारले. तिनं नीट उत्तरं दिली, न अडखळता. साहेब खूष झाले. खरंच खूष झाले.

"छान. उद्यापासून ये." मग कांताबाईंकडं वळून म्हणाले, "चला, तुमचा पण प्रश्न सुटला. सुट्टीला बदली घरातच झाली. एरवी काउंटर बघेल, तुम्ही नसलात की फरशी."

सुजातानं विचारलं, "सर, फरशी?"

साहेब हसले. "त्यात लाजायचं काय? हे बघ आमचे मॅनेजर. केवढे शिकलेले आहेत. हे करतातच ना? विचार त्यांना."

इतकी वर्षं मी तू होतो. त्या दिवशी पहिल्यांदा आदरानं माझा उल्लेख झाला. नमुना म्हणून दाखवायचं होतं ना.

दाराशी कांताबाई मान हलवत होत्या. "व्हय, सायेब करत्यात की. काय हुतंय."

सुजातानं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत कीव नव्हती. ती फक्त खरं काय ते विचारत होती. मी वाकलो ते माझं वाकणं होतं असं मी समजत होतो. माझा अपमान, मी गिळला, विषय संपला. तसं नव्हतं. मी वाकलो आणि तिथं एक जागा तयार झाली. माझ्यामागून जो येईल त्यानं तिथं वाकायचं. शिकून आला तरी. शिकून आला तर जास्तच, कारण माझं उदाहरण होतं.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"मी करत होतो. आजपासून करणार नाही. आणि ही करणार नाही. काउंटरला घ्यायचं तर काउंटरलाच घ्या."

"आणि कांताबाई नसतील तेव्हा?"

"गजाननला सांगा."

साहेबांना राग आला नाही. त्यांना नवल वाटलं. "गजाननला? अरे, तो करेल का?"

"मग मी का करतो?"

रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा चालू होता. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"तू भलतंच मनाला लावून घेतलंस. मी तुला घरचा समजून सांगत होतो."

"घरचा समजून वर कधी बोलावलं नाहीत साहेब."

आता त्यांचा चेहरा बदलला. "हे बघ. तुझे कागद बघूनसुद्धा मी तुला ठेवलं. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं?"

जे वाक्य मी रोज स्वतःला म्हणत होतो ते त्यांच्या तोंडातून आलं. आणि ऐकताना ते इतकं हलकं वाटलं की मला आश्चर्य वाटलं, एवढ्याच्या ओझ्याखाली मी वाकलो होतो?

"तो कागद बघितला होता, म्हणूनच त्या सोमवारी तुमची नजर माझ्यावर थांबली," मी म्हणालो. "गजाननचा कागद तुम्ही मागितला नव्हता. तरी तो तुम्हाला पाठ होता."

साहेब उठले. "ठीक आहे. तुम्ही दोघंही उद्यापासून येऊ नका."

बाहेर पॅसेजमध्ये कांताबाईंनी मला गाठलं. आवाज दाबून बोलल्या. "तुमचा मान तुमच्यापाशी ठिवायचा व्हता. माझ्या पोरीच्या तोंडचा घास गेला. येकदोनदा पुसलं असतं तर काय मेली असती का ती?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि बादली उचलून आत गेल्या. त्यांची नोकरी होती. त्यांना जावंच लागलं. मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही.

सुजाता रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आली. रिक्षावाले ओरडत होते, मुकुंदवाडी, मुकुंदवाडी. ती बसली नाही.

"आईचं मनावर घेऊ नका सर. पण एक विचारू? पहिल्यांदा तुम्ही का केलंत?"

"उपकार होते त्यांचे," मी म्हणालो.

"कशाचे?"

मला वाटलं उत्तर ओठांवर आहे. मी शोधलं. पगार? तो कामाचा होता. नोकरी? ती मी अभ्यास करून मिळवली होती आणि त्यांना माझी गरज होती. जात बघितली नाही? बघितली होती. मी रस्त्यात उभा राहिलो आणि मला एकही उपकार सापडला नाही.

ती रिक्षात बसून गेली. पुढं तिला जालना रोडवर एका शोरूममध्ये काम मिळालं. मी आता लहान दवाखान्यांची इन्शुरन्सची आणि परवान्यांची कामं बाहेरून करतो. काही डॉक्टर बोलावतात. काहींच्या कानावर ही हकीकत गेली आहे, ते बोलावत नाहीत. कांताबाई गल्लीत समोरून आल्या तर पलीकडच्या बाजूनं जातात. गजानन तिथंच आहे. त्याचे हात अजून रिकामे असतील.

मी फरशी पुसायला लाजत नाही. माझ्या खोलीची मी रोज पुसतो. आजारी माणूस समोर पडला तर मी त्याची घाण काढीन, कुणी सांगायची वाट बघणार नाही. पण भरल्या हॉलमधून एक नजर फिरत येईल आणि माझ्यावर थांबेल, तर मी बसल्या जागेवरून हलणार नाही. विचारीन, मीच का? मोठ्यानं विचारीन, हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि यात माझी नोकरी जाईल, शेजारच्या मुलीची जाईल, तिची आई मला शिव्या देईल, हे सगळं आधीच माहीत असलं तरी विचारीन. पहिल्याच दिवशी.