शालनताई आणि चिमाचं माप

रत्नागिरीत आमच्या शेजारी शालनताई शिवणकाम करत. नवरा गेल्यापासून घर त्यांच्या मशीनवर चाले. मे संपत आला की पडवीत शाळेच्या गणवेशांचं कापड साठे. मूल समोर उभं केल्याशिवाय त्या कात्री लावत नसत.

२००१ साली आळीतल्या उमावहिनींनी आपल्या मुलीऐवजी, ऋजुताऐवजी, चिमाला मापाला पाठवलं. चिमा त्यांच्याकडे घरकाम करी. वय दहा, उंची ऋजुताएवढीच. आई नव्हती. वडील हरिश्चंद्र लोट्याला कारखान्यात पाळ्या करत. "शाळेत घालतो," असं सांगून वहिनींनी तिला आणलं होतं.

बाही मोजताना चिमाने हात आखडला. दंडावर पट्ट्याचे वळ होते.

"काय गो, हे कसं झालं?"

"पडले."

"पट्ट्यावर पडलीस?"

चिमाने बाही खाली ओढली. मग म्हणाली, "दूध उतू गेलं."

"आणि तुझा गणवेश कधी शिवायचा?"

"मला शाळा नाय."

आमच्या आळीत तेव्हा मारण्याला वळण लावणं म्हणत, उपाशी ठेवण्याला शिक्षा आणि शाळेत न घालण्याला अडचण. अत्याचार हा शब्द वर्तमानपत्रापुरता होता. शालनताई चिमाच्या वडिलांना सांगायला निघाल्या, तेव्हा शेजारणींनी समजावलं, "गिऱ्हाईक तुटेल, शालन."

"तुटू दे," म्हणून त्यांनी लोट्याची एसटी धरली आणि पाळी सुटेपर्यंत कारखान्याच्या फाटकाशी थांबल्या.

हरिश्चंद्रला पटेना. "चौथीत आहे ती. वहिनींनीच सांगितलंन."

"मग चला, तिलाच विचारा."

"आणि खरं निघालं तर? माझी रात्रपाळी. पोरीला ठेवू कुठं?"

"तिथं नको, एवढं आधी ठरवा."

"पावसला बहीण आहे, मालन. पण तिचीच चार पोरं."

"विचारून तर बघा."

मालन हो म्हणाली. रविवारी हरिश्चंद्र शालनताईंना घेऊन उमावहिनींच्या मागीलदारी गेला. चिमा भांडी घासत होती. त्याने तिची बाही वर सारली. वळ अजून दिसत होते.

"घरच्यासारखी वागवली हो," वहिनी म्हणाल्या. "ऋजुतालाही ओरडतोच आम्ही."

"ऋजुता शाळेत जाते," शालनताई म्हणाल्या.

"चल," हरिश्चंद्र लेकीला म्हणाला. "आत्याकडे जायचंय."

चिमा उठली नाही. राहिलेल्या पातेल्याकडे बघत म्हणाली, "एवढं घासून येते."

वडिलांनी पातेलं बाजूला ठेवलं, तांब्या भरला आणि तिच्या राखेने माखलेल्या हातांवर पाणी घातलं.