तीन काढायचे, एक दाखवायचा

वाहेदभाईंची आणि माझी ओळख फोटोमुळे झाली नाही, पडद्यामुळे झाली. आमच्या नाटक कंपनीचे राजवाडे, बागा आणि तुरुंग तेच रंगवायचे. तुरुंग तर असा रंगवायचे की आमचा खलनायक तालमीतसुद्धा त्यापासून लांब उभा राहायचा. कंपनी बंद पडली, तसे ते केजला आले, फोटो स्टुडिओ थाटला आणि उरलेली बाग भिंतीला टांगली. मीही केजलाच बहिणीकडे राहायला आले होते. दुपारी त्यांच्या बाकावर जाऊन बसायचं, हा माझा नेम. गिऱ्हाइकाची हनुवटी वर कर, पदर नीट कर, मिशीला पीळ द्यायला लाव, एवढं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं.

वाहेदभाईंचा कायदा ठरलेला. माणशी तीन फोटो काढायचे आणि दाखवायचा एकच. "पहिल्याला माणूस कॅमेऱ्याला भितो," ते सांगायचे. "दुसऱ्याला आरशात ठरवून आणलेलं तोंड दाखवतो. मग मी म्हणतो, झालं, उठा. तो सुटल्यावानी श्वास सोडतो न्हवं, तवा तिसरा." बाकीचे दोन कुणी मागतही नसे.

पण त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास गावात पिवळे एसटीडी बूथ उगवले आणि स्टँडसमोर एक रंगीत फोटोंचा स्टुडिओही उघडला. तिथे फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडत आणि म्हणत, पसंत करा! लोकांना निवडायची भारी हौस आली. वाहेदभाईंचं गिऱ्हाईक तिकडे सरकू लागलं.

अशात नांदूरघाटचे मोहनराव बायकोला घेऊन आले. त्यांचा वॉर्ड बायांसाठी राखीव झाला होता, म्हणून ग्रामपंचायतीला अंजना उभी होती. पत्रकावर छापायला काळा-पांढरा फोटो हवा होता, आणि तो केजमध्ये वाहेदभाईच काढत.

"वीस काढा," मोहनराव म्हणाले. "आन् वीसबी दाखवा. आमचं पॅनल हाय, सगळ्यांला इचारावं लागतंय."

"तीन बास होतात, मोहनराव."

"तुमचं बास ऱ्हाऊ द्या. स्टँडवर लोक का म्हनून जातेत, इचारा की सोताला!"

हे वाहेदभाईंना लागलं. त्यांनी खरोखर वीस काढले. नवरा शेजारी उभा राहून "मान सरळ! हसू नगं! थोडं हस!" म्हणत होता. पंख्याच्या वाऱ्यानं एकदा डोक्यावरचा पदर खाली येऊन पार नाकापर्यंत सरकला, तोही फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी मोहनराव वीसच्या वीस फोटो पाकिटात घालून नांदूरघाटला गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं अंजना एकटीच आली. तिशीची, सावळी, हातात कापडी पिशवी. बाकावर बसली आणि एकदम म्हणाली, "वाहेदभाई, इलेक्शनला मी उभी हाय का माजा पदर?"

झालं होतं असं. पॅनलचे बारा जण फोटो घेऊन देवळाच्या पारावर बसले. एकात तिचे डोळे लई रोखलेले, एकात ती लई हसते, एकात माहेरी आल्यासारखी दिसते, एकात दमलेली. प्रत्येक फोटोला कुणी ना कुणी नाक मुरडलं. एकाच फोटोवर कुणाची हरकत निघाली नाही, कारण त्यात हरकत घ्यायला तोंडच नव्हतं. पदराचा फोटो एकमतानं पास! "घरंदाज हाय," म्हणे. आणि उद्या सकाळी तो केजच्या प्रेसमध्ये छापायला जाणार होता.

"मी दारोदार जानार, हात जोडनार," अंजना म्हणाली. "पत्रक बघून लोक म्हनतील, ही कोन? तुमी त्यो फोटो दाखविलाच कावून?"

पडदा मध्येच अडकला तेव्हा मी वाहेदभाईंना प्रेक्षकांच्या शिट्ट्या खाताना पाहिलं होतं, पण इतके खजील कधी पाहिले नव्हते. मग उठले आणि दिवे लावले.

"बसा, ताई. रतनबाई, तुमी समोर उभ्या ऱ्हावा."

मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहिले. पहिला फोटो झाला, दुसरा झाला. "झालं, उठा," वाहेदभाई म्हणाले. ती उठायला लागली, तशी मी म्हटलं, "अगं, मला मत नाही मागितलंस?" तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "द्या की मग," म्हणाली. खटकन तिसरा निघाला.

अंधाऱ्या खोलीतून तासाभरानं ते ओला फोटो घेऊन आले. आणि आमच्यासमोर कात्री घेऊन बाकीच्या दोन निगेटिव्हचे तुकडे तुकडे केले. तेवढ्यात मोहनराव धापा टाकत आले. बायको एकटीच केजला गेल्याचं त्यांना पारावरच कळलं होतं.

"कुठंयत बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"एकच हाय," वाहेदभाई म्हणाले.

"एकातून निवडायचं कसं?"

"निवडायचं न्हाई. छापायचं."

मोहनरावांनी फोटो उजेडात धरला, लांब धरला, जवळ आणला. "डोळे लई रोखून बघतीया," ते पुटपुटले.

"मंग कुटं बघू?" अंजना म्हणाली. "मत मागायचंय न्हवं लोकान्ला? का जमिनीला मागू?"

मोहनरावांनी माझ्याकडे पाहिलं. विचारायला तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी मान डोलावली, अगदी शेवटच्या रांगेला दिसेल अशी. त्यांनी पाकिटातून पदराचा फोटो काढून टेबलावर ठेवला, नवा आत घातला आणि दोघं प्रेसकडे गेले.

अंजना सतरा मतांनी निवडून आली. पेढे द्यायला जोडीनं आले, तेव्हा स्टुडिओत चार गिऱ्हाइकं बसली होती. मोहनरावांनी त्यांना पत्रक दाखवलं आणि छाती फुगवून म्हणाले, "एकवीस फोटोंतून ह्यो मीच निवडला!"

अंजनानं वाहेदभाईंकडे पाहिलं. वाहेदभाईंनी पेढा तोंडात टाकला आणि मोठ्यानं म्हणाले, "त्याला नजर असावी लागते, मोहनराव."