कूलरचं पाणी

आमच्या दूध संस्थेत संगणकाच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग असायचा. आतल्या बाई मान वर न करताच ओरडायच्या, "चपला भाईर!" यंत्र सुरू व्हायला वेळ लागला की म्हणायच्या, "उठायलंय ते, दम धरा." निघताना त्यावर स्वतः विणलेला रुमाल घालायच्या.

उन्हाळ्यात यंत्र तापून बंद पडे, म्हणून खोलीत कूलर होता. तो भरून घेणं हे सचिव म्हणून माझं सकाळचं पहिलं काम. दुष्काळात गाव टँकरवर आलं, तरी ते चुकलं नाही. एकदा दूध घालायला आलेली म्हातारी दारातूनच म्हणाली, "माझी म्हैस तहानंनं जीभ काढायली, अन् ह्या डब्याला गार वारं!"

बाई उठल्या. त्यांनी संगणक बंद केला, कूलरमधलं पाणी बादलीत काढलं आणि बादली म्हातारीपुढे ठेवली.

अध्यक्ष धावत आले. "बाई, यंत्र बिघडलं तर?"

"तर मला काढा. ह्याला बंद ठेवता येतंय, म्हशीला न्हाई."

मग पाऊस पडेपर्यंत बाई रोज पहाटे येऊन ऊन चढायच्या आत काम उरकत. यंत्र टिकलं, बाईंची नोकरी टिकली, म्हैसही जगली.

आता दुधाची नोंद मोबाइलवर होते आणि बाई लिंबाच्या सावलीत बसतात. परवा म्हातारीची सून त्याच म्हशीच्या नातीचं दूध घेऊन आली. बाईंनी आधी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, मग मोबाइल उघडला.