एकाच डिस्कवरच्या दोन प्रती

माझ्या स्टुडिओच्या पाकिटावर एक ओळ छापलेली असायची : ‘या फोटोची प्रत केव्हाही मिळेल.’ रोलच्या काळात ते खरं होतं. निगेटिव्ह मी पत्र्याच्या डब्यांत जपून ठेवत असे. शिरपूरला बसथांब्याजवळ माझं दुकान. घरातलं माणूस वारलं की लोक ते पाकीट घेऊनच यायचे.

पुढे फोटो कॉम्प्युटरवर आले. जुना कॉम्प्युटर रडतखडत चालू लागला, तेव्हा मी नवा घ्यायला वाशीमला गेलो. शेवटी प्रश्न उरला तो मोठा मॉनिटर घ्यायचा की फोटो ठेवायला बाहेरची वेगळी डिस्क. दोन्ही जमत नव्हतं.

“काका, डिस्क घ्या,” दुकानदार म्हणाला. “मोठ्या पडद्यावर पिच्चर पाहाचा हाये काय तुमाले?”

“गिऱ्हाइकाले आपलं थोबाड मोठं दिसलं पायजे,” मी म्हणालो. “फोटोचं मी पाहून घेतो.”

मी मॉनिटर घेतला. रोज दुकान बंद करताना डी ड्राइव्हवरचे फोटो ई ड्राइव्हवर उतरवायचो. नावं दोन, म्हणून जागाही दोन, असं समजत होतो. ते एकाच पेटीचे दोन कप्पे होते, हे उन्हाळ्यात डिस्क टकटक करून बंद पडली तेव्हा कळलं. डी गेला, त्याच्यासोबत ई गेला. नवी डिस्क बसवली आणि गावात कोणाला सांगितलं नाही. पाकिटावरची ओळही तशीच ठेवली.

मग गावातली एक मजूर बाई ते पाकीट घेऊन आली. तिची थोरली मुलगी तापाने गेली होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा होता.

“तिचा मोबाइल लॉक हाये, कोणालेच उघडत नाई,” ती म्हणाली. “आधारवरली तं ते वाटतच नाई. तुमी काढला होता ना भाऊ, नर्सिंगच्या फार्माले? तोच मोठा करून द्या.”

फोटो उडाला, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “उद्या घेऊन जा.”

कॅमेऱ्याच्या कार्डात तिच्या धाकटीचा फोटो होता, कॉलेजच्या फॉर्मसाठी नुकताच काढलेला. बहिणींची चेहरेपट्टी एकच. मी हनुवटी जरा भरली, भांग बदलला, थोरलीच्या गालावरचा तीळ आठवून लावला. त्या मोठ्या मॉनिटरवर काम फार सफाईने झालं.

“हेच,” दुसऱ्या दिवशी आई म्हणाली. “अशीच पाहे माह्याकडं.” धाकटी शेजारी उभी होती.

काही वर्षांनी धाकटी बायोडाट्याच्या फोटोसाठी आली. मी दिवे लावले. ती खुर्चीवर बसेना.

“काका, माह्या फोटोले घरी हार हाये. आई रोज त्याच्याशी बोलते. आता तोच चेहरा सोयऱ्याइले पाठवू काय?”

“तुले कवा कळलं?”

“त्याच दिवशी. आईचं मन लागून राह्यलं होतं, म्हणून चूप बसले. आता मले त्या भिंतीखाली जेवण जात नाई.”

बंद पडलेली डिस्क मी फेकली नव्हती. आईला सांगण्याआधी थोरली परत मिळावी, म्हणून ती दुरुस्तीला पाठवली. मिळालीच तर नीट ठेवता यावी म्हणून पुन्हा नवा कॉम्प्युटर घेतला. या वेळी मॉनिटर लहान, आणि बाहेरच्या डिस्क दोन : एक दुकानात, एक भावाच्या घरी. दुरुस्तीवाल्याच्या फोनची वाट पाहत मी रिकाम्या डिस्कवर तिच्या नावाचं फोल्डर करून ठेवलं. फोन आला. काहीच निघालं नव्हतं.

मी बाईच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तिने फोटो खाली उतरवला, हार काढला आणि फ्रेम धाकटीच्या हातात दिली.

“मंग माही थोरली कुठी हाये, भाऊ?”

मी आधार कार्ड मागितलं. तिने ते आणून दिलं.

“आता काई बदलू नोका,” ती म्हणाली.

स्कॅन करून मोठा केला की चेहरा दाण्यादाण्यांत फुटतो. डोळे कुठे संपतात ते कळत नाही. हात फिरवला तर थोडा सावरेल. मी फिरवलेला नाही. तो तसाच कॉम्प्युटरवर आहे, आणि दोन्ही डिस्कवर. अजून तिला तो दाखवायचं धाडस झालेलं नाही.