मौनाच्या दिवशी गेलेली वाचा

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची काळी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, तिच्यातल्या एका डागावर पेनाचं टोक टेकवलं आणि माझ्या मालकांना विचारलं, "यांचं बोलणं कधीपासून बंद आहे?"

"सकाळपासून," मालक म्हणाले. "पण आज गुरुवार हाय ना, डॉक्टरसाहेब. गुरुवारी ती बोलतच नाय."

डॉक्टरांनी पेन खाली घेतलं. "बोलत नाही म्हणजे?"

मी तिथंच चाकांच्या खुर्चीत बसले होते. मला सगळं ऐकू येत होतं आणि सगळं कळत होतं. माझं मौन साडेअकराला, नैवेद्य दाखवल्यावर सुटतं आणि आता दुपारचे तीन वाजून गेलेत, हे मला सांगायचं होतं. तोंड उघडलं तर "ता... ता..." एवढंच आलं.

"याला स्ट्रोक म्हणतात," डॉक्टर म्हणाले. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकली होती. मेंदूच्या डाव्या भागात बोलण्याची जागा असते, ती दुखावली होती. उजवा हातही त्यामुळेच लुळा पडला होता. बोलणं जाण्याला त्यांनी अफेझिया हा शब्द वापरला. माणसाला समजतं सगळं, पण म्हणायचे शब्द सापडत नाहीत.

"बोलंल ना पुन्हा?" मालकांनी विचारलं.

"थोडं नक्की येईल. किती, ते आज कुणीच सांगू शकणार नाही."

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला, झेंडू आणि गुलाबाचा. पहाटे फुलं तोडायची, टेम्पोत भरून पंचवटीच्या बाजारात पाठवायची, हा आमचा दिवस. ओळखीच्या कुणालाही माझ्याबद्दल विचाराल तर तो आधी हसेल, कारण मी जन्माची बडबडी. एकदा तोंडाचा पट्टा सुरू झाला की घर डोक्यावर. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ना, ती बाई मीच.

म्हणूनच मी गुरुवारचं मौन धरलं होतं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत सुरू केलं ते कधी मोडलं नाही. आंघोळ करून देवापुढे बसायचं, शेजारी झेंडूची पाटी. सुईनं एक फूल ओवायचं आणि एकदा मनात म्हणायचं, श्रीराम जय राम जय जय राम. एकशे आठ फुलं झाली की माळ पूर्ण आणि जप पूर्ण. मग ती माळ मालक देवाला घालणार, नैवेद्य होणार आणि मी बोलणार. तोवर कुणी मला काही विचारायचं नाही, माझं मौन मोडायचं नाही, हा घरचा कायदा. मालक चेष्टेनं म्हणायचे, "रामानं आम्हाला आठवड्यातून एक सकाळ सुट्टी दिली."

त्या गुरुवारी हाच कायदा आमच्या मुळावर आला.

त्यातून आदल्या संध्याकाळी आमचं जोरात भांडण झालं होतं. झेंडूचं वावर मोडून तिथं द्राक्ष लावायची असं मालकांच्या डोक्यात आलं होतं. मी रागानं जेवलेही नाही. त्यामुळे दुपार झाली, नैवेद्याची वेळ टळली, तरी मी बोलेना, तेव्हा मालकांना वाटलं, ही रुसली. बारावीतली आमची वैशाली दोनदा येऊन बघून गेली. तिला वाटलं, आईनं जप वाढवला. मी तिच्याकडे डोळे फाडून बघत होते आणि पोरगी पाय न वाजवता परत जात होती, माझी तंद्री मोडू नये म्हणून.

शेवटी मालकच आले, माळ न्यायला. त्यांनी ती उचलली आणि बघतच राहिले. सुई नेहमी देठाकडून घालायची आणि फुलाच्या मधोमध काढायची, म्हणजे सगळी फुलं एका तोंडानं बसतात. पहिली चाळीसेक फुलं तशी होती. पुढची कुठं आडवी, कुठं उलटी, काहींच्या नुसत्या पाकळ्या टोचलेल्या.

"ही तुझ्या हातची माळ नाय," ते म्हणाले. त्यांनी मला पाणी दिलं. ते ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर आलं. पुढच्या दहा मिनिटांत मी फुलांच्या टेम्पोत होते.

आणखी एक चूक इथंच सांगून टाकते, कारण ती फक्त माझी होती. मला रक्तदाबाची गोळी चालू होती. गुरुवारी उपास, म्हणून मी ती गुरुवारी घेत नसे. उपासाला गोळी चालत नाही, असं मीच ठरवलं होतं. डॉक्टरांना हे वैशालीनं सांगितलं. ते माझ्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, उपास पोटाला असतो. रक्ताच्या नळ्यांना वार कळत नाही."

पहिले दोन दिवस फार वाईट गेले. माणसं बोलायची, मला कळायचं, उत्तर घशापर्यंत यायचं आणि तिथंच विरायचं. वैशालीचं नाव येईना. माझं नाव येईना. डोळ्यांतून पाणी आलं की सिस्टर विचारायच्या, दुखतंय का? नाही हेही सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं मी हौसेनं गप्प बसत होते. आता गप्प बसण्याचीच मला भीती वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालक मळ्यातून आले. रिकाम्या हातानं यायचं कसं म्हणून पिशवीत ओंजळभर झेंडू घेऊन आले होते. त्यांनी ते माझ्या मांडीवर ओतले. मी डाव्या हातानं एक फूल उचललं, सवयीनं देठ चाचपला आणि माझ्या तोंडातून स्पष्ट, खणखणीत आवाज आला, "श्रीराम जय राम जय जय राम."

वैशालीच्या हातून पेला पडला. मी दुसरं फूल उचललं. पुन्हा तेच, एकही अक्षर न अडखळता. तिसरं उचललं. माझाच आवाज माझ्या कानांवर पडत होता आणि मी लहान पोरीसारखी हसत होते. मालक बाहेर धावले. "बोलली, बोलली," असं ओरडत ते सगळ्या मजल्यावर फिरले. दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय काही तरी भलतंच झालं समजून पळत आले. तो आनंद आजही आठवला की मला बसवत नाही, उठून दोन फेऱ्या मारते.

डॉक्टर आले, त्यांनीही ऐकलं आणि तेही हसले. मग त्यांनी समजावलं. रोज म्हणून म्हणून जिभेवर बसलेले शब्द, म्हणजे आकडे, आरती, मंत्र, हे विचार करून बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेनं येतात. "याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात, आपोआप येणारं बोलणं. तुमचा हमरस्ता बंद आहे, ही पायवाट उघडी आहे. चांगली खूण आहे, पण हे बरं होणं नाही."

त्यांचं म्हणणं त्याच दुपारी पटलं. मला पाणी हवं होतं. तोंड उघडलं, तर श्रीराम जय राम जय जय राम. लघवीला जायचं होतं, तर श्रीराम जय राम. सिस्टरांवर चिडले, तरी रामच. शेजारच्या खाटेवर वणीकडची एक म्हातारी होती. तिच्या सुनेनं हे दिवसभर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ती नारळ घेऊन माझ्या पाया पडायला आली. म्हणाली, "लय पुण्यवान बाई हे. दुसरा शब्दच नाय तोंडात." मी तेव्हा जीव तोडून बेडपॅन मागत होते. ती हात जोडून "जय राम" म्हणत राहिली आणि उशीर व्हायचा तो झाला.

आज हसू येतं. त्या वेळी उशीत तोंड खुपसून रडले. देवाचं नाव उरलं होतं, पण माझा एकही शब्द मला उरला नव्हता. लेकीला जेवलीस का विचारता येत नसेल तर असं पुण्य घेऊन मी काय करू, असं मनात आलं. ते मी लपवत नाही.

दर शनिवारी मुंबईहून स्पीच थेरपिस्ट मॅडम यायच्या. स्पीच थेरपी म्हणजे बोलण्याचा व्यायाम. त्यांनी मालकांकडे बोट करून विचारलं, "हे कोण? यांचं नाव सांगा." मी गप्प. त्यांनी वहीत काही लिहायला घेतलं तेवढ्यात मालकच मध्ये पडले. "ती आजाराच्या आधी पण कधी नाव घेत नव्हती. आमच्यात बायका घेत नाय."

मॅडम थांबल्या. मग त्यांचे डोळे चमकले. "उखाणा घेतला असेल ना लग्नात?"

त्यांनी माझा डावा हात हातात धरला आणि ठेका द्यायला लागल्या. "झेंडूच्या फुलांची माळ ओवली एकशे आठ," माझं तोंड आपोआप म्हणालं, आणि दुसरी ओळही आली, की अमक्या रावांच्या सोबतीनं धरली संसाराची वाट. त्यातलं नाव इथं लिहायला अजून हात रेटत नाही, पण तेव्हा मी ते घेतलं, आणि मालक लग्नात लाजले नसतील तेवढे लाजले.

मॅडमनी मग या पायवाटेवरूनच मला न्यायचं ठरवलं. मंत्राची चाल तीच ठेवायची, हातानं ठेका द्यायचा आणि त्या चालीत रोजच्या गरजेचे शब्द घालायचे. पाणी द्या, मला पाणी द्या. मला धास्ती वाटली. रामाच्या चालीवर पाणी मागायचं? मी मान हलवली आणि भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बोट केलं. मालक म्हणाले, "रामाला तहान कळत नाय का? म्हण गपगुमान."

पी हळद आणि हो गोरी, असं या आजारात होत नाही. "पाणी" सुटं म्हणायला मला पाच आठवडे लागले. रोज सकाळी एक तास वैशाली माझ्यासमोर बसायची. आधी एकशे आठ वेळा मोठ्यानं जप, मग चालीवरचे शब्द. उजव्या हातात सुई धरायचा सराव, तोही जपाबरोबर. पूर्वी मी जप मोजायची, कधी संपतो याकडे लक्ष. आता जप हीच दिवसातली एक जागा होती जिथं मी अडखळत नव्हते. कितीही घाबरलेली असले तरी दहाव्या-बाराव्या फुलाशी श्वास लांब व्हायचा, मन निवायचं. मग शब्दांशी झगडायला बळ यायचं. जपानं मला बरं केलं असं मी म्हणणार नाही. गोळ्या, व्यायाम आणि लेकीची चिकाटी यांनी बरं केलं. पण त्या तिन्हींपाशी रोज न रडता जाऊन बसायची ताकद जपानं दिली.

तरी चार महिने झाले, माझं स्वतःचं, कुणी न शिकवलेलं वाक्य काही येईना. डॉक्टरांनी विचारलं की मान खाली जायची.

एका सकाळी मी बांधावर बसले होते. मालकांनी द्राक्षांचं नाव टाकलं होतं आणि त्याच वावरात ते झेंडूची रोपं लावत होते. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यासाठीच चाललं होतं ते सगळं. पण लागवड कायम मी करत आले, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वीतभर अंतरावर एकेक रोप खुपसत चालले होते. मी एक ओळ बघितली, दोन बघितल्या, तिसरी मला बघवेना.

"हातभर ठेवा," मी म्हणाले. "दाटी... दाटी झाली. फूल बारीक येईल."

मालक रोप हातात धरून तसेच वाकलेले राहिले. "काय म्हणलीस?"

"डोळे फुटले का?"

ते मातीतच बसले. हसत होते की रडत होते ते मलाही कळलं नाही. "अजून बोल," म्हणाले. "अजून शिव्या दे." मी दिल्या. थांबत, अडखळत, शब्द शोधत, पण सगळ्या माझ्या स्वतःच्या. मंत्राची चाल कुठं नव्हती. वैशाली घरातून पळत आली तर आईबाप मातीत बसून भांडतायत आणि दोघांच्या डोळ्यांना पाणी.

आज त्याला आठ वर्षं झाली. दमले की अजून एखादा शब्द निसटतो. आजाराच्या पुढच्याच वर्षी मी आपणहून अर्ध्या वावरात द्राक्ष लावू दिली होती. गोळी सातही दिवस घेते, उपासाच्या दिवशी आधी गोळी. तुमच्या घरात कुणी एकाएकी गप्प झालं, तर ते मौन असो, रुसवा असो, जप असो, कायदा मोडा. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, नाव विचारा. यातलं एक जरी जमलं नाही तर थेट दवाखाना गाठा. शंका खोटी निघाली तर देव रागावत नाही. उशीर झाला तर मात्र गेलेलं परत मागता येत नाही. त्या डॉक्टरांना, मॅडमना आणि माझ्या पोरीला मी रोजच्या माळेत एकेक फूल देते.

गुरुवारचं मौन मी पुन्हा सुरू केलं. मालकांनी एकच अट घातली, त्यामुळे आमचा नवा कायदा झाला. मी पाटी घेऊन बसले की ते समोर येऊन उकिडवे बसतात. मी हसून दाखवते, दोन्ही हात वर करते. मग ते म्हणतात, "आता नाव घे."

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझे कान तापतात. पण एक अक्षरही न अडखळता मी म्हणते, "निवृत्तीराव." ते मान हलवून उठतात आणि मी पहिलं फूल ओवते.