रांगोळीतलं पाऊल

श्रीनाथ पोतनीस उज्जैनला आमच्या फ्रीगंजमधल्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. दूधवाल्याच्या कॅनमध्ये आधी बोट बुडवायचे, ते चाटून बघायचे, आणि मगच पातेलं पुढे करायचे. मी सत्यनारायणाचा प्रसाद नेला तरी रवा कुठल्या दुकानातला, हे विचारूनच हात पसरणार. पोतनीस म्हणजे दरबारच्या खजिन्यावरचा माणूस. पिढ्यान्‌पिढ्या कुलपं ओढून बघायची सवय, त्यात ह्यांची नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. सुतळीची गाठ नुसती बघून, वाटेत कुणी पार्सल उघडलंय का ते सांगायचे म्हणे. गावाला जाताना आम्ही मात्र घराची किल्ली त्यांच्याकडेच ठेवायचो. एवढी राखण दुसरं कोण करणार?

रेल्वेतल्या लोकांनी मिळून फार पूर्वी भैरवगढच्या पुढे, नाल्याच्या काठाला, घरांसाठी जमीन घेतली होती. त्यात आमच्या ह्यांचाही प्लॉट होता. जमिनीवर दावा लागला आणि प्रकरण कोर्टात जाऊन बसलं. बाकीच्यांनी नाद सोडला. श्रीनाथभाऊजी मात्र दर रविवारी तिकडे जायचे. कुणी बकऱ्या घातल्या, कुणी लाकूड तोडलं, कुणी कचऱ्याची ट्रॉली रिकामी केली की भांडून त्याला हाकलायचे. त्यांना वाटायचं, आज बकरी आली की उद्या झोपडी येईल.

जमीन घेतली तेव्हा आम्ही सगळे डबे घेऊन तिथे गेलो होतो. चहूकडे बीड होतं, म्हणजे गवताचं कुरण. चालायला लागलं की पायातून तितर उडायचे. पुढे एका बाजूला कांद्याची शेतं झाली, मग वीटभट्टी आली, मग चौपदरी रस्ता. कॉलन्यांच्या भिंती तर नाल्यापर्यंत येऊन टेकल्या. आमचा तुकडा तेवढा होता तसाच राहिला. उलट बोरी, बाभळी, करवंदीच्या जाळ्या दाटत गेल्या आणि गवत कमरेला लागायला लागलं.

दोन वर्षांपूर्वी दावा मिटला. सोसायटीचा सेक्रेटरी शैलेंद्र, आमच्याच एका दिवंगत मेंबरचा मुलगा, चटपटीत माणूस. त्याने अक्षय तृतीयेनंतर जेसीबी लावून जमीन सपाट करायचं ठरवलं. सगळ्यात जास्त आनंद मंगलाताईंना, भाऊजींच्या बायकोला. गुडघे गेलेले, जिन्यात दर वळणावर थांबावं लागायचं. तळमजल्यावरचं स्वयंपाकघर, मागे तुळस आणि धुणं वाळत घालायला दोरी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि त्याच सुमारास भाऊजींना जमिनीवर पिसं दिसली.

गवत दबवून केलेल्या गोल जागेत तितराची पिसं. ओढाताण केल्यासारखी विखुरलेली नव्हेत. कुणीतरी बसून निवांत उपटून ठेवलेली. रक्त जवळजवळ नाहीच. पुढच्या रविवारी आणखी एक गोल, ह्यावेळी लांडोरीच्या पिसांचा. आता उज्जैनच्या माणसाला असं काही दिसलं, तेही कालभैरवाच्या अलीकडे-पलीकडे, तर त्याच्या मनात दुसरं काय येणार? कुणीतरी तांत्रिक प्रयोग करतंय. घाबरवून प्लॉट स्वस्तात काढून घ्यायचे, ही शैलेंद्रची चाल.

भाऊजींनी बाभळीला लिंबू-मिरची बांधली. शिवाय पार्सल ऑफिसातलं डोकं वापरून जाळ्यांमधून गुडघ्याएवढ्या उंचीवर काळा दोरा ओढून ठेवला. माणूस आत आला की तुटणारच. पुढच्या खेपेला नवीन पिसं होती आणि दोरा शाबूत होता. मग मात्र ते हादरले. संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन त्यांनी विचारलं, घरात बारीक रांगोळी आहे का. कशाला, ते सांगेनात. मी डबा दिला. मंगलाताई मागून म्हणाल्या, "विचारू नकोस गं. प्लॉटवर दुसरा संसार मांडलाय ह्यांनी. आता दारात रांगोळी घालणार."

दोन दिवसांनी त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. पायवाटेवर रांगोळी चाळून पसरलेली आणि तिच्यात उमटलेलं पाऊल. चार बोटं, मागे गादी, नखांचा मागमूस नाही. माझं बीएस्सी प्राणिशास्त्रातलं. पोळ्या लाटण्यात बरंच विसरले, पण एवढं आठवत होतं. मी सांगितलं, कुत्रा असता तर नखं उमटली असती. हे मांजराच्या जातीतलं आहे, पण घरच्या मांजराहून चांगलंच मोठं.

भाऊजींनी फोटो मोठा करून पुन्हा बघितला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मतलब, शैलेंद्रने सोडलंय?"

शेवटी आम्ही तिघं ऑटो करून गेलो. ऊन उतरायला लागलं होतं. चौकीदाराच्या पडक्या खोलीच्या भिंतीमागे मंगलाताईंसाठी घडीचं स्टूल मांडलं. बराच वेळ काहीच नाही. भाऊजींनी मी कुणाला सांगितलं का, ते दोनदा विचारून घेतलं.

मग गवतातून दोन कान वर आले. काळे, टोकदार, टोकाला केसांचे लांब झुपके. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरत होते. मागोमाग अंग बाहेर आलं, विटेच्या रंगाचं, पाय उंच, शेपूट आखूड. एक तितर उडाला आणि ते जनावर जागच्या जागी सरळ वर गेलं. खाली आलं तेव्हा तितर तोंडात होता. दबलेल्या गवतात बसून त्याने पिसं उपटायला सुरुवात केली, माझी आई मेथी निवडायची तशी, शांतपणे. जाळीतून दोन पिल्लं धडपडत बाहेर आली.

स्याहगोश, म्हणजे कॅराकल, काळ्या कानांचं रानमांजर. राजेरजवाडे शिकारीसाठी पाळायचे ते. देशात आता अगदी मोजके उरलेत, हे मी वाचलं होतं. आपल्या सोसायटीच्या जमिनीवर बघायला मिळेल, असं स्वप्नातही नव्हतं.

मंगलाताई हळूच म्हणाल्या, "हिला बाळंतपणाला दुसरी जागा मिळाली नाही का?"

मी मान वळवून बघितलं. इकडे भिंत, तिकडे रस्त्यावरचे ट्रक, पलीकडे जाळी लावलेली शेतं, नाल्यावर पुलाचं काम. खरंच, कुठे जाणार होती ती?

परतताना मी म्हटलं, वनखात्याला कळवू. भाऊजींनी ऑटोवाल्याकडे बोट करून मला गप्प केलं. उतरल्यावर म्हणाले, कळवलं की पिंजरा येईल, त्याआधी पेपरवाले येतील, आणि त्याआधी मोबाइल घेऊन सगळं उज्जैन येईल. आई पिल्लांना टाकून पळेल. त्यांचं बरोबर होतं की चूक, मला आजही ठरवता येत नाही. जेसीबी मात्र पुढच्याच आठवड्यात यायचा होता. भाऊजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून मंगलाताईंकडे बघत होते. कठडा धरून त्या म्हणाल्या, "पिल्लं पळायला लागू देत. स्वयंपाकघर कुठे जात नाही."

दोन दिवसांनी सोसायटीची मीटिंग झाली. श्रीनाथभाऊजी उभे राहिले.

"नाल्याकडचा हद्दीचा दगड सरकलाय. नव्याने मोजणी झाल्याशिवाय मी सही करणार नाही."

मी बायकांच्या रांगेत बसले होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते. ह्या माणसाने जन्मभर संशय घेतले, पण एकेक संशय मनापासून घेतला होता. खोटा घेतलेला हा पहिलाच.

"काका, दगड सरकला की डोकं?" शैलेंद्र म्हणाला. हॉल हसला. पण ते खोटं बोलत असतील, अशी शंका एकालाही आली नाही. श्रीनाथ पोतनीस दुसरं काय करणार? हरकत आली म्हणजे मोजणी आली. आणि सगळे पटवारी सिंहस्थाच्या कामांना जुंपलेले. तारीख पुढे पुढे जात राहिली.

मग संशयाचं तोंड त्यांच्याकडेच वळलं. कुठल्यातरी बिल्डरने पोतनीसांचे हात ओले केले, असं बोलणं सुरू झालं. शैलेंद्रने त्यांना नमस्कार करणं सोडलं. एका रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, पोतनीस विकला गेला. मी वरण वाढलं. मंगलाताई जिन्यातून चढताना बायका मुद्दाम मोठ्याने बोलायच्या. त्या वळणावर थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि पुढची पायरी चढायच्या.

भाऊजी आता रविवार सोडून इतर दिवशीही जायला लागले. पिल्लांच्या कानांवर झुपके आलेत, हे मला दाराबाहेरून, शेजारपाजार बघून सांगायचे. नवरात्राच्या आधी एकदा आले आणि रांगोळीचा डबा परत केला. पावलं उमटत नव्हती. पिसंही नव्हती.

मी म्हटलं, मोठी झाली, गेली असतील. ह्यासाठीच तर सगळं केलं. त्यांनी मान हलवली नाही. रस्त्यावर गाडीखाली तर नाही आली? कुणी विष तर नाही घातलं? त्यांनी नाल्याचा काठ पालथा घातला. शेतवाल्यांकडे बसून आडून आडून चौकशी केली, कुणाच्या कोंबड्या जातायत का. कुणाचीच कोंबडी गेली नव्हती. त्या उत्तराने ते जास्तच खचले.

दसऱ्यानंतर पटवारी आला. दगड होता तिथेच होता. भाऊजींनी सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागितली. "इतक्या वर्षांत तुमचा संशय पहिल्यांदा खोटा ठरला, काका," शैलेंद्र म्हणाला. भाऊजी "हो" म्हणाले. पुढच्या आठवड्यात जेसीबी आला. बोरी-बाभळींचा ढीग एका दुपारात रस्त्याकडेला लागला.

आता घर झालंय. मंगलाताईंचं स्वयंपाकघर तळमजल्यावर आहे, मागे तुळस आहे, दोरीवर साड्या वाळतात. प्लॉटच्या कोपऱ्यातली करवंदीची एक जाळी भाऊजींनी गवंड्याशी भांडून राखली. तिच्यासमोर ते रोज संध्याकाळी रांगोळी चाळून पसरतात. कॉलनीत नव्याने आलेल्यांना वाटतं, हा म्हातारा काहीतरी प्रयोग करतो. पलीकडच्या घरातल्या सुनेने तर आपल्या फाटकाला लिंबू-मिरची बांधली आहे.

गेल्या महिन्यात मी हळदीकुंकवाला गेले, तर भाऊजींनी मला आधी जाळीकडेच नेलं. रांगोळीत पाऊल होतं. चार बोटं, गादी, नखं नाहीत.

"वहिनी, बघा. त्यातलंच वाटतं ना?"

मी वाकून बघितलं. ठसा माझ्या अंगठ्याएवढा. फाटकातून आत येतानाच शेजारच्या पायरीवर एक पांढरं मांजर झोपलेलं मला दिसलं होतं.

"पिल्लू असेल एखादं. सांगता येत नाही," मी म्हटलं.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. सील शाबूत पण वजनात कमी भरणारं पार्सल आलं की बघत असतील, तसं. मग भिंतीला लावलेली केरसुणी घेतली, ठसा पुसला आणि उद्यासाठी रांगोळी सारखी करायला लागले.